ढब्बू : एका नाण्याच्या टोपणनावाचा शोध

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

आमच्या देवघरात कलशाखाली तांब्याचे एक जुने नाणे असते. दर सणाला आजी ते चिंचेने घासते आणि लख्ख झाले की पुन्हा जागच्या जागी ठेवते. माझे वडील तान्हे असताना त्यांची बेंबी वर आली, तेव्हा हेच नाणे फडक्यात गुंडाळून पोटावर बांधले होते म्हणे. नाण्याच्या एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस 'हाफ अॅना, इंडिया, १८६२' अशी इंग्रजी अक्षरे आहेत. म्हणजे नाणे अर्ध्या आण्याचे. परंतु आजीने त्याला अर्धा आणा असे कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. तिच्या लेखी तो 'ढब्बू' आहे. "ढब्बू जागेवर आहे ना गं?" असे ती विचारते, जणू घरातले एखादे लठ्ठ मूलच कुठे बाहेर गेले आहे!

हा शब्द आला कोठून, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो द्वितीय वर्षात असताना. त्याचे उत्तर मी मोठ्या आत्मविश्वासाने दिलेही होते. ते उत्तर चुकले. कसे चुकले, कोणामुळे कळले आणि आता मला काय वाटते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ढब्बू म्हणजे नेमके काय?

आधी हिशेब पाहू, कारण आमच्या पिढीला तो पाठ नाही. जुन्या पद्धतीत एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै होत. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यातला 'नवा' हा शब्द १९६४ साली गळाला. पुढे ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी चलनातून बाद झाली. आज आपल्या खिशात पैसा नावाचे नाणे जवळजवळ उरलेलेच नाही. शब्द तेवढा उरला आहे.

जुन्या हिशेबातील दोन पैशांचे, म्हणजे अर्ध्या आण्याचे, तांब्याचे जाडजूड नाणे म्हणजे ढब्बू. त्यालाच ढब्बू पैसा असेही म्हणत. इंग्रजांच्या आधी आपल्याकडे तांब्याची शिवराई चाले. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असत. दुप्पट शिवराईलाही ढबू म्हणत. म्हणजे नाव जुने, आणि राणीचे नाणे आल्यावर ते त्याला चिकटले, असे झालेले दिसते.

एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. १८३५ साली कंपनी सरकारने ठरविलेला चांदीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळा होता. तांब्याचा अर्धा आणा मात्र २०० ग्रेनचा होता. किंमत रुपयाच्या बत्तिसाव्या हिश्शाची, पण वजन रुपयापेक्षा जास्त! हातात घेतला तर रुपयापेक्षा भारी आणि बाजारात नेला तर दोन पैशांचा. अंगाने मोठा पण मोलाने थोडा, अशा माणसाला 'ढब्बू' का म्हणतात हे तराजू हातात घेतला की आपोआप कळते.

माझे पहिले उत्तर

आमचे सोलापूर म्हणजे तीन भाषांचा संगम. गल्लीच्या एका टोकाला मराठी, मधल्या घरांतून तेलुगू आणि दुसऱ्या टोकाला कन्नड कानी पडते. माझ्या शेजारची मैत्रीण पद्मशाली समाजाची. तिची आई दारावर आलेल्या फेरीवाल्याला "डब्बुलु लेवु" म्हणून परत पाठवते. पैसे नाहीत, असा त्याचा अर्थ. तेलुगूत 'डब्बु' म्हणजे पैसा, धन. मैत्रीण मला चिडवीत असे, "तुमचा ढब्बू आमच्याच घरातून गेलेला आहे बरं का!"

मला ते पटले. पटण्यास कारणेही होती. मद्रास इलाख्यात कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तांब्याची जी नाणी काढली त्यांना 'डब' असेच नाव होते. हैदराबाद संस्थानातील तांब्याच्या ओबडधोबड पैशालाही 'डब' म्हणत, आणि आपला मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. यूल आणि बर्नेल या दोघांच्या, १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशातही 'डब' हा शब्द तेलुगू म्हणून नोंदलेला आहे.

शिवाय नाण्याचे नाव दक्षिणेकडून उचलणे मराठीला नवे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या सोन्याच्या नाण्याचे नाव 'होन', आणि होन हा शब्द कन्नड 'होन्नु' म्हणजे सोने यावरून आलेला. मग होन आला तसाच ढब्बूही आला असेल, हे मी गृहीतच धरले. वाङ्मय मंडळाच्या बैठकीत या विषयावर निबंध वाचला. टाळ्या पडल्या.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे कुटुंब बिहारमधून आलेले. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. तो वर्गात फारसे बोलत नसे, कारण बोलला की त्याच्या उच्चारांना मुले हसत. तो अडखळत म्हणाला, "आमच्या गावाकडे पैशाला ढेबुआ म्हणतात. तो पण तेलुगूच काय?"

वर्ग हसला. मीही हसले. "बिहारचा इथे काय संबंध?" असे मी म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तो खाली बसला.

निबंध सरांकडून परत आला तेव्हा त्यावर शेरा होता तीनच शब्दांचा : "ढ चा हिशेब?"

ढ चा हिशेब

या शेऱ्याचा अर्थ उमगायला मला बरेच दिवस लागले. उमगला तेव्हा लक्षात आले की मागच्या बाकावरचा प्रश्न आणि सरांचा शेरा एकच आहे.

दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणजे ते एकाच कुळातले, असे ठरत नाही. हॉब्सन-जॉब्सनकारांनीच एक मजेदार नोंद केली आहे. इंग्लंडातील ससेक्स परगण्याच्या ग्रामीण बोलीतही पैशाला 'डब्ज' म्हणत! आता ससेक्सच्या शेतकऱ्याने हा शब्द तेलुगूतून घेतला असे कोण म्हणेल? त्यांनीही तसे म्हटले नाही. केवळ नवल म्हणून नोंदविले. परंतु याच कोशाने दुसऱ्या एका ठिकाणी मोह आवरला नाही. 'मला त्याची पर्वा नाही' या अर्थाचा जो इंग्रजी वाक्प्रचार 'डॅम' या शब्दाने होतो, तो आपल्या 'दाम' या नाण्यावरून आला असावा असे त्यात सुचविले आहे. कल्पना सुरेख, पण पुढच्या कोशकारांनी पुराव्याअभावी ती नाकारली. 'दाम' शब्दाचा खरा प्रवास त्याहून सुंदर आहे. ग्रीकांचे 'द्राख्म' हे नाणे आपल्याकडे 'द्रम्म' झाले, द्रम्माचा दाम झाला आणि दामाची दमडी. अकबराच्या काळी एका रुपयाचे चाळीस दाम होत आणि दमडी म्हणजे दामाचा आठवा हिस्सा. आज दाम उरला तो किंमत या अर्थाने आणि दमडी उरली ती भांडणात.

मग खरा पुरावा कसा असतो? तो 'होन'मध्येच आहे. सोन्याला तामिळमध्ये 'पोन्' म्हणतात. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला आणि 'पोन्नु'चे 'होन्नु' झाले. मराठीत 'पोन' नाही, 'होन' आहे. तेव्हा हा शब्द कन्नडमधूनच आला आणि तोही 'प'चा 'ह' झाल्यानंतर आला, हे त्या एका अक्षराने सिद्ध होते. शब्द आपला जन्मदाखला कित्येकदा असा एखाद्या अक्षरात बाळगून असतो.

आता हीच कसोटी ढब्बूला लावू. तेलुगूत 'डब्बु', मराठीत 'ढब्बू'. फरक एकाच अक्षराचा, ड आणि ढ यांचा. द्राविडी भाषांच्या मूळ शब्दसंग्रहात ख, घ, ढ, भ अशी महाप्राण व्यंजने नाहीत. उत्तरेकडचा शब्द दक्षिणेत गेला आणि बोलण्यात रुळला की त्याचा महाप्राण बहुधा गळतो. संस्कृतातील 'घंटा' तेलुगूत 'गंट' झाली आणि कन्नडमध्ये 'गंटे'. त्याउलट दक्षिणेकडून मराठीत आलेले तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द पाहा. मराठीने त्यांना उगाच 'ह'कार जोडलेला नाही. म्हणजे 'ढब्बू'चा 'डब्बु' होणे सोपे, पण 'डब्बु'चा 'ढब्बू' होण्यास काही खास कारण दाखवावे लागेल. सर मागत होते तो हिशेब हा.

शेवटच्या 'ऊ'काराचा आधार घ्यावा तर तोही टिकत नाही. तेलुगूत बहुतेक शब्द उकारान्त असतात हे खरे. पण लाडू, तट्टू, लट्टू असे ऊकारान्त शब्द आपल्या घरातही कमी नाहीत. 'ऊ' दोन्ही पक्षांचा साक्षीदार, म्हणून निरुपयोगी.

मागच्या बाकावरचा साक्षीदार

ग्रंथालयात एका दुपारी भोजपुरी शब्दसंग्रह चाळताना 'ढेबुआ' समोर आला. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहार या भागांत टांकसाळीचे घाटदार पैसे रुळण्यापूर्वी तांब्याचे ओबडधोबड तुकडे पैसा म्हणून चालत, त्यांचे हे नाव. आजही तिकडे ढेबुआ म्हणजे पैसा. गुजरातीतही दोन पैशांच्या जुन्या नाण्याला 'ढबु' म्हणत.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणावा. भोजपुरी, गुजराती, मराठी या तिन्हींत 'ढ' आहे. तेलुगूत आणि मद्रासच्या इंग्रजांच्या तोंडी 'ड' आहे. तेलुगूतला शब्द मराठीत आला असे म्हणता येईल, पण तो गंगेच्या काठी जाऊन तेथेही 'ड'चा 'ढ' करून बसला, हे म्हणणे अवघड आहे. माझा सिद्धान्त ज्या प्रश्नाने कोसळला त्या प्रश्नाला मी हसले होते.

मग 'ढ'चे मूळ कशात शोधावे? आपल्याच बोलण्यात. गुळाची ढेप, शेतातले ढेकूळ, धान्याचा ढीग, पोटाची ढेरी, वाजणारा ढोल, न उचलणारा ढिम्म. मराठीत 'ढ'ने आरंभ होणारे कितीतरी शब्द जाड, गोळाबेरीज, बोजड वस्तूंचे आहेत. ओबडधोबड तांब्याचा गोळा, तो ढेबुआ. जाडजूड दुप्पट पैसा, तो ढब्बू. नाण्यावरून जाडेपणा आला नसून जाडेपणावरून नाण्याला नाव मिळाले, असा तर्क यातून निघतो.

या तर्काला आणखी एक आधार आहे. लोक नाण्यांना टोपणनावे कशी देतात ते पाहावे. काही नावे हिश्शावरून पडतात : पावली म्हणजे पाव रुपया, अधेली म्हणजे अर्धा रुपया, आणि दिडकीत 'दीड' उघडच ऐकू येतो. काही नावे नाणे पाडणाऱ्यावरून किंवा टांकसाळीवरून पडतात : शिवराई, चांदवडी रुपया. काही घडणीवरून : यंत्राने, म्हणजे कळेने, पाडलेला रुपया तो कलदार. काही रूपावरून : अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी रुपया, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, मधोमध भोक असलेला जो पैसा निघाला तो सरळ सरळ भोकाचा पैसा. 'ढब्बू'मध्ये कोणताही हिस्सा नाही, राजा नाही, गाव नाही, यंत्र नाही. उरते ते रूप. १९४२ पासून अर्ध्या आण्याचे लहान चौकोनी नाणे निघू लागले. किंमत तीच, दोन पैसे. पण या अंगकाठीच्या नाण्याला ढब्बू म्हणावेसे कोणाला वाटेल?

मग तेलुगूचे काय?

तेलुगू 'डब्बु' उत्तरेकडून तिकडे गेला असेल तर त्याला वाटा मोकळ्या होत्या. व्यापारी, सैन्य आणि कारकून या तिघांबरोबर नाणी आणि नाण्यांची नावे हिंडतात. भोसल्यांचे राज्य तंजावरला सतराव्या शतकात स्थापन झाले आणि १८५५ पर्यंत टिकले. तेथे मोडी लिपीत दप्तरे लिहिली जात आणि दरबारात तेलुगूचा मान असे. हैदराबादेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात नांदत. अशा बाजारात महाप्राण गळून 'ढब्बू'चा 'डब्बु' झाला आणि एका नाण्याचे नाव सगळ्या पैशाचे नाव झाले, हा क्रम मला आज अधिक पटतो. विशेष नावाचे सामान्य नाव होणे हे तर नित्याचेच. आपणही 'पैसा' म्हणतो तेव्हा रुपयाचा शंभरावा भाग थोडाच म्हणत असतो!

येथे एक सावधगिरी हवी. कन्नडमध्ये पैशाला 'दुड्डु' म्हणतात आणि गोव्याच्या कोंकणीत 'दुडू'. हा शब्द 'डब्बु'चा भाऊ समजण्याचा मोह होतो, पण दोहोंत 'ब' आणि 'ड' यांचा फरक आहे आणि तो मिटविणारा नियम नाही. काहींनी 'दुड्डु'चा संबंध डच कंपनीच्या 'डॉइट' या तांब्याच्या नाण्याशी जोडला आहे. एकदा हात पोळल्यावर मी तरी कानावर विसंबून त्यात पडणार नाही.

माझे म्हणणे अंतिम आहे असा माझा दावा नाही. दक्षिणेतील एखाद्या लेखात 'डब्बु' आपल्याकडील 'ढबू'पेक्षा पुष्कळ आधीचा सापडला, तर हा सगळा डोलारा पुन्हा तपासावा लागेल. पण त्यालाही ढ चा हिशेब द्यावाच लागेल.

नाणे गेले, नाव उरले

नाणे बंद झाले की त्याचे नाव मरते असे नाही; ते दुसरे घर शोधते. ढब्बूने दोन घरे शोधली. एक माणसाचे : लठ्ठ, संथ, जरा मठ्ठ मुलगा म्हणजे ढब्बू. दुसरे भाजीवालीच्या पाटीतले : ढब्बू मिरची. या मिरचीचे नाव सर्वांत अलीकडचे, हे निश्चित. मिरचीच मुळी अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली, आणि जिला सिमला मिरची असेही म्हणतात ती बिनतिखट जाडी मिरची तर त्यानंतर पुष्कळ उशिरा. आज लहान मुलाला ढब्बू म्हटले की मिरची आठवते. आजीला नाणे आठवते. एकाच शब्दाच्या दोन बाजू, छाप आणि काटा.

आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपण नुसते 'ढ' म्हणतो, त्याचे काय? त्याविषयी आपल्याकडे एक कथा सांगतात. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलली, पण 'ढ' होता तसाच राहिला. म्हणून जो वर्षानुवर्षे तसाच राहतो तो ढ. अशोकाच्या शिलालेखांतील 'ढ' खरोखरच आजच्या 'ढ'शी मिळताजुळता आहे. पण बोलीतली शिवी शिलालेख वाचून तयार होत नसते. ढब्बू, ढिम्म, ढम्या या मंडळींच्या पंक्तीत बसवून पाहिले तर त्या 'ढ'चे कुळ कदाचित अधिक जवळ सापडेल. हा विषय मी पुढच्या वर्षीच्या एखाद्या लेखकासाठी सोडते.

शेवटी एक कबुली. ढेबुआ शब्दसंग्रहात सापडला त्या दिवशी मी तो सांगण्यासाठी मागच्या बाकाकडे गेले. बाक रिकामा होता. वडिलांचे काम सुटल्यामुळे ते कुटुंब महिन्यापूर्वीच गावी परतले होते, असे कळले. त्याचा पत्ता वर्गात कोणाजवळही नव्हता, कारण कोणी विचारलाच नव्हता.

वाङ्मय मंडळाच्या त्या बैठकीत जे पंचवीस-तीस जण हसले, त्यांतील बहुतेकांच्या हातात हा अंक पडेल. त्यांना एवढेच सांगायचे आहे की त्या दिवशी सभागृहात शब्दाचा खरा अभ्यास एकानेच केला होता. त्याने आपल्या आजीचा शब्द ऐकला होता आणि माझ्या आजीच्या शब्दाशेजारी ठेवून पाहिला होता. आमच्या देवघरातला ढब्बू आणि त्याच्या गावचा ढेबुआ यांचे नाते त्याला दिसले. मला ते शिकायला वर्ष लागले.